उशिराच्या आमेनची बखर

आकाश आणि पृथ्वी ज्याने केली, आणि आम्हांस अजून मागे का ठेवले हे ज्याचे त्यासच ठाऊक, त्या देवबापाचे स्मरण करून, प्रभूचे जन्मापासून सन दोन हजार एकोणीस, वैशाखाचे ऊन, ते समयी ही हकिकत लिहावयास घेतली. कारण की राज्यास शंभर वर्षे पुरी होत आली आणि आमच्या पाळक बाईसाहेबांनी आज्ञा केली की घंटेबाबा, तुम्ही जुने आहात, तुम्ही लिहा. आम्ही अर्ज केला की आम्ही सातवीपुढे शाळा पाहिली नाही, दोर ओढणे हे आमचे काम, लिहिणे मंडळीतल्या पाटोळ्यांस सांगावे. बाईसाहेब बोलल्या, "पाटोळेसाहेब लिहितील तर त्यात पाटोळेसाहेबच असतील. तुम्ही घंटा वाजवता तसे लिहा, आहे तेवढे." मग लिहिले. अलंकार येत नाहीत. चुकले तर वाचणाराने सुधारून घ्यावे आणि आमच्या घरी सांगावयास येऊ नये, येणारे आधीच पुष्कळ आहेत.

राज्याचे नाव लिहीत नाही. लिहिले तर एक जण म्हणेल जुने नाव का नाही, दुसरा म्हणेल नवे का नाही, आणि सभा बोलावतील. दगडी इमारत, वर पत्रे, एक बुरूज आणि बुरुजात घंटा. घंटेचा दोर छताच्या भोकातून खाली दाराशी येतो आणि तेथे आमचे स्टूल. उजवीकडे पुरुषांची बाके, डावीकडे बायकांची, आणि प्रत्येक बाक कोणा ना कोणा घराण्याचे, ते लिहिलेले कोठे नाही परंतु नवखा माणूस चुकून बसला तर घराणे त्याच्याकडे असे पाहते की तो आपोआप उठतो. प्रजा म्हणाल तर मूळची मराठी, मग गिरणीच्या कामास आलेली तेलुगू घरे, मग मोठ्या इस्पितळात नर्स म्हणून आलेल्या केरळच्या बाया आणि त्यांचे संसार. आणि राज्याचा रिवाज ऐसा की रविवारी प्रभूची प्रार्थना सर्वांनी मोठ्याने म्हणावी आणि आमेनवर घंटेचा एक टोल द्यावा, म्हणजे गावात जे कोणी आजारी होऊन खाटेवर पडले आहेत त्यांस कळावे की प्रार्थना पुरी जाहली, आणि त्यांनीही पडल्या जागी आमेन म्हणावे. हा टोल देण्याची चाकरी आमची, आमच्या बापाची होती ती आम्हांकडे आली.

पूर्वी गादीवर रेव्हरंड शांतवन उजागरे साहेब होते. वीस वर्षांवर राज्य केले. माणूस सज्जन, आवाज मोठा, शिस्त त्याहून मोठी. त्यांचा हुकूम ऐसा की एक भाषा, एक चाल, एक आमेन. प्रार्थना मराठीतच व्हावी आणि सगळ्या मंडळीने एका श्वासात संपवावी, आणि बाहेरगावचे पाहुणे आले की साहेब त्यांस सांगत, "आमची मंडळी ऐका, एकच आमेन, एका तोंडाने म्हटल्यासारखे." परंतु ते एकच कधी नव्हते. सर्वांचे आमेन होऊन जाई, क्षणभर शांतता होई, आणि मग बायकांच्या बाकांवरून एक आमेन सावकाश येई. ते आमच्या घरचे. ताबीथाबाई, आमचे कुटुंब. आणि आम्ही दोर हातात धरून तोवर छताकडे पाहात उभे. साहेब डोळे वटारीत, आणि आम्हांस छतात पाहण्यासारखे पुष्कळ सापडे.

एकदा साहेबांनी उपासनेनंतर दारातच बाईंस हटकले. सर्व मंडळी चहास उभी होती. साहेब बोलले, "ताबीथाबाई, सगळ्यांचे एकदम संपते, तुमचेच मागून का?" बाई बोलल्या, "साहेब, क्षमेची ओळ आली की मला नावे घ्यावी लागतात. कोणाला क्षमा केली ते देवाला सांगायला नको का? मोघम कसे म्हणू?" साहेब बोलले, "मग नावे घरीच घेऊन यावे." बाई बोलल्या, "घरून घेऊनच येते. पण इथे आल्यावर नवी निघतात. आज तुमचे निघाले, म्हणून अंमळ जास्त उशीर झाला." मंडळी हसली. देवदान पाटोळे, जे मराठी पक्षाचे पुढारी, ते तर चहा सांडेपर्यंत हसले. साहेब हसले नाहीत. घरी येताना आम्ही बाईंस म्हटले की अहो, पाळकाला असे बोलतात का? तर म्हणाल्या, "बोलून टाकले, आता पुढच्या रविवारी त्यांचे नाव घ्यावे लागणार नाही. तेवढाच वेळ वाचला."

मग सन दोन हजार अठराचे पावसाळ्याअखेर ताबीथाबाई गेल्या. पोटाचा आजार होता. जास्त लिहीत नाही. पुढल्या रविवारी आम्ही दोर धरून उभे राहिलो, सर्वांचे आमेन जाहले, मग शांतता जाहली, आणि मागून काही आले नाही. आम्ही टोल दिला. दारात उजागरे साहेबांनी आमच्या खांद्यावर हात ठेवला आणि बोलले, "बाबा, घंटा आता वेळेवर होते. बरे झाले." माणूस वाईट बोलावे म्हणून बोलला नाही. काही तरी चांगले बोलावे म्हणून बोलला, आणि हेच निघाले. परंतु त्या दिवसापासून आम्ही प्रार्थना म्हणू लागलो की क्षमेच्या ओळीपाशी येऊन तोंड बंद होई. तेथे ते "बरे झाले" आडवे पडलेले असे. पुढे जाता येईना. मग म्हणणेच सोडले. दोर धरावा, साहेबांच्या आमेनवर टोल द्यावा, घरी यावे, एकट्याची भाजी करावी. लेक दूरच्या शहरी, बाराव्या मजल्यावर राहते. तिचा रोज फोन, "बाबा, तिथे आता कोण आहे तुमचे? इकडे या." आणि आम्ही भाजी करपते म्हणून फोन ठेवीत असू.

त्याच साली नाताळानंतर साहेबांची मुदत भरली आणि राज्यात जो गोंधळ जाहला तो सांगता पुरवत नाही. मराठी पक्षाची मसलत पाटोळ्यांच्या ओट्यावर आणि तेलुगू पक्षाची येसुरत्नम यांच्या किराणा दुकानात. पाटोळे म्हणत आपल्यातला आणा, येसुरत्नम म्हणत आमच्यातला आणा, केरळच्या बाया म्हणत कोणीही आणा परंतु उपासना वेळेवर संपवा, आमची ड्यूटी असते. दोन्हीकडून खलिते वरच्या दरबारी गेले, आणि बिशपसाहेबांनी दोन्ही खलिते वाचून की न वाचता, पूर्वेकडच्या संथाळ मुलुखातल्या रेव्हरंड एस्तेर मुर्मू यांस गादी दिली. बाईमाणूस, पन्नाशीच्या आत. एक पत्र्याची ट्रंक आणि एक प्रेशर कुकर घेऊन रिक्षाने स्वारी दाखल जाहली. पाटोळे बोलले, "आपल्याकडची माणसे संपली काय?" येसुरत्नम बोलले, "पाटोळे, तुमचे माझे आज पहिल्यांदा पटले." मग पाटोळ्यांनी पुढे होऊन विचारले, "बाई, मराठी येते का?" बाईसाहेब बोलल्या, "येते. चुकते. तुम्ही पेटी उचला, तोवर मी बोलते, तुम्ही सुधारा." आणि पाटोळे ट्रंक उचलून चालू लागले तेव्हा त्यांच्या ध्यानी आले की आपण काय करीत आहो.

उजागरे साहेब गावातच लेकाच्या घरी राहिले. आणि पहिल्याच रविवारी उपासनेस आले तेव्हा एक गोष्ट कोणाच्याच ध्यानात आली नव्हती ती उघडी पडली, की वीस वर्षे वेदीपाशी उभे राहिलेल्या माणसास बसावयास बाक नव्हते. प्रत्येक बाक घराण्याचे. साहेब मधल्या वाटेने पुढे गेले, मग मागे आले, मग दाराशी आमच्या स्टुलाला लागून उशिरा येणारांचे बाक आहे तेथे बसले. कोणी "या साहेब" म्हटले नाही. आम्हीही म्हटले नाही. वाईट वाटावे ऐसे वाटले, परंतु वाटले नाही, उलट वैताग आला की आता हे दर रविवारी आमच्या कोपराशी.

बाईसाहेबांनी महिनाभर सर्व पाहिले आणि मग हुकूम काढला की प्रभूची प्रार्थना ज्याने त्याने आपापल्या भाषेत म्हणावी, आणि सर्वांचे संपेपर्यंत घंटेबाबांनी थांबावे, शेवटल्या आमेनवर टोल द्यावा. हुकूम साधा. परंतु आमच्या राज्यात साधे काही राहात नाही. पहिल्या रविवारी तेलुगू बाके भरधाव म्हणून मोकळी जाहली आणि विजयी होऊन इकडेतिकडे पाहू लागली. मराठी त्यांच्या मागोमाग. केरळच्या बाया ठाय लयीत म्हणत राहिल्या आणि टोल त्यांच्या आमेनवर पडला. झाले. चहाच्या वेळी पाटोळे बोलले, "म्हणजे शंभर वर्षांच्या मराठी मंडळीत घंटा मल्याळी आमेनवर?" आणि येसुरत्नम बोलले, "आमचे तर कोणी ऐकलेच नाही." मग पुढल्या रविवारपासून सर्व सावकाश म्हणू लागले. एकेक शब्द ताणून ताणून म्हणत. दोन रविवारांत गोष्ट या थरास गेली की सर्वांचे सर्व म्हणून जाहले, फक्त आमेन तोंडात दाबून धरले, आणि तिन्ही पक्ष एकमेकांकडे तिरके पाहात उभे. कोणी आधी म्हणावे? पोरे रडू लागली. वर पत्रा तापला. बाहेर चहाचे पातेले उकळून निम्म्यावर आले. बाईसाहेब वेदीपाशी डोळे मिटून उभ्या, त्या तरी काय करणार. आणि आम्ही दोर धरून. बायको गेल्यावर माणसास सुखाने दुःखही करू देत नाहीत, ऐसा संताप आला, आणि आम्ही कोणाच्याच आमेनची वाट न पाहता दाणकन टोल दिला. मग जो कालवा उठला! पाटोळे ओरडले, "बाबा, आमचे व्हायचे होते!" येसुरत्नम ओरडले, "आमचे पण!" आम्ही बोललो, "मग म्हणायचे होते की! आमेन काय खिशात घेऊन जायचे आहे घरी?" आणि बाईसाहेबांस सर्वांदेखत सांगितले की ईस्टरपर्यंत चाकरी करतो, मग दोर सोडतो आणि लेकीकडे जातो. दोर ज्यास पाहिजे त्याने घ्यावा.

हे बोलणे चुकले. कारण दोर ज्याच्या हाती त्याच्या पक्षाच्या आमेनवर टोल, हे तिन्ही पक्षांनी ताडले, आणि आमच्या घराकडे मोर्चे निघाले. ताबीथाबाई गेल्यावर चार दिवस माणसे आली आणि मग कोणी उंबरा ओलांडला नव्हता. आता दारास कडी लावण्याची सोय राहिली नाही. प्रथम येसुरत्नम आले, सोबत पत्नी आणि चिंचेच्या भाताचा डबा. बोलले, "अण्णा, तुम्ही एकटे जेवता, बरे दिसत नाही." आम्ही बोललो, "सहा महिने बरे दिसत होते, आजच काय जाहले?" ते हसले आणि दोराचे बोलले. आम्ही बोललो, "दोर घ्याल, पण तिकडे मराठी केव्हा संपते, मल्याळी केव्हा संपते, हे तुम्हाला कळते का? मला तुमचे कळत नाही. म्हणून दाखवा." त्यांनी भाताचा घास हातात धरून तेलुगूत म्हटले. आम्ही मध्येच थांबवले आणि विचारले, "यात क्षमेची ओळ कोणती?" त्यांनी ती परत म्हटली. ऐकावयास मऊ होती. आमची ओळ अडली होती, ही नवी होती, हिच्यावर अजून काही पडलेले नव्हते. आम्ही विचारले, "इथे तुम्ही कोणाला क्षमा करता?" येसुरत्नम म्हणाले, "दर रविवारी? पाटोळे." पत्नी म्हणाली, "खोटे. यांना अजून जमले नाही."

मग पाटोळे आले, मटणाचा रस्सा घेऊन, आणि वासावरून म्हणाले, "चिंचेचा भात खाल्लात? येसुरत्नम आला होता तर!" आम्ही त्यांसही तोच प्रश्न केला. म्हणाले, "येसुरत्नम. दुसरे कोण? आणि तुम्ही. परवा टोल दिलात तो माझ्या डोक्यात अजून वाजतो." बसले ते बसलेच, मग ताबीथाबाईंचा फोटो पाहून बोलले, "वहिनी असत्या तर आम्हा सगळ्यांना एका वाक्यात गप्प केले असते." आणि रस्सा ठेवून, दोराचे बोलणे विसरून गेले. म्हणून दुसऱ्या दिवशी परत आले.

सर्वांशेवटी एलियाम्मा आली. इस्पितळातली वडील नर्स, केरळच्या बायांची पुढारी. बायकांच्या बाकांवर ताबीथाबाईंच्या मागेच तिची जागा. अप्पम आणि नारळाचा रस घेऊन आली. आम्ही वैतागून बोललो, "एलियाम्मा, तुलाही दोर पाहिजे ना? बोलून टाक, मग जेवू." ती बोलली, "नको, अप्पच्चा. दोर तुम्ही सोडू नका हे सांगायला आले." आम्ही विचारले का. तर म्हणाली, "उजागरे साहेबांच्या वेळी मराठीच म्हणायचे ना? मला तेव्हा नीट येत नव्हती. सगळ्यांबरोबर मी तोंड हलवायची, आणि आत हळू माझ्या मल्याळममध्ये म्हणायची. ते मागे राहायचे. पण पुढे आमच्या अम्मची, ताबीथाबाई, असायच्या. त्यांचे सावकाश चालायचे. त्यांचे आमेन यायचे तोवर माझे पण संपायचे. मग टोल. तेलुगू बाया पण तसेच. आम्ही सगळ्या त्यांच्या पाठीमागे संपवायचो." मग आमच्या ताटात रस वाढीत बोलली, "अम्मची गेल्या तेव्हापासून साहेब जाईपर्यंत माझी एक पण प्रार्थना पुरी झाली नाही. मध्येच घंटा व्हायची." आम्ही अप्पमचा तुकडा मोडला होता तो तसाच राहिला. टोल वेळेवर देत होतो आम्ही. बरे जाहले म्हणत होते साहेब. आणि येथे बायकांची अर्धी बाके अपुरी घरी जात होती. आम्ही विचारले, "ताबीथाला हे ठाऊक होते?" एलियाम्मा बोलली, "एकदा मागे वळून म्हणाल्या, घाई करू नकोस, माझी नावे अजून उरली आहेत."

मग ईस्टरचा रविवार आला, आमच्या चाकरीचा शेवटला. इमारत भरून गेली. आमच्या घरी येऊन येऊन, एकमेकांच्या डब्यांवर टीका करून करून, पक्षांचा जोर थोडा उतरला होता, किंवा प्रार्थना ताणून त्यांचाच जीव दमला होता, ते देव जाणे. प्रार्थना सुरू जाहली. तेलुगू आपल्या चालीने गेले आणि आमेन म्हणून मोकळे जाहले. मराठी जाहले. वेदीपाशी बाईसाहेबांचे एकटीचे संथाळी जाहले. केरळच्या बायांचेही जाहले. आणि आम्ही दोर धरून उभे, आणि आमचे अजून व्हायचे होते, कारण त्या दिवशी आम्ही म्हणावयास आरंभ केला होता. क्षमेच्या ओळीपाशी आलो. तोंड बंद होऊ लागले, तेव्हा नावे घ्यावयास लागलो. पाटोळ्यांचे घेतले. येसुरत्नम यांचे घेतले. लेकीचे घेतले, रोज फोन करते आणि येत नाही म्हणून. ताबीथाबाईंचेही घेतले, आम्हांस ठेवून पुढे गेल्या म्हणून. पुढून कोणी मागे वळून पाहिले. कोपराशी उजागरे साहेब बसले होते. त्यांस वाटले म्हाताऱ्याची तंद्री लागली. आमच्या बाहीस हात लावून हळू बोलले, "बाबा, घंटा. सगळे थांबलेत." आम्ही बोललो, "थांबा साहेब. तुमच्याच नावापाशी आलोय."

साहेबांनी हात काढून घेतला. त्यांस ताबीथाबाई आठवल्या ते आम्ही त्यांच्या तोंडावर पाहिले. मान खाली घातली. मग बाकाच्या कडेस धरून, ज्या आवाजाने वीस वर्षे पत्रे हालवले त्याच्या पावच आवाजाने बोलले, "घ्या. सावकाश घ्या."

घेतले. वेळ लागला. मग पुढच्या ओळी आपोआप आल्या, आणि आमेन म्हटले, आणि त्याच क्षणी बायकांच्या बाकांवरून एलियाम्माचे आमेन निघाले. तिने आपले राखून धरले होते. मग टोल दिला.

दारात चहाच्या वेळी पाटोळे बोलले, "बाबा, फार लांबवलेत. चहाचा काढा झाला. एवढी कोणाची नावे घेत होता?" आम्ही बोललो, "तुमचेच दोनदा घ्यावे लागले." येसुरत्नम हसता हसता पाटोळ्यांच्या पाठीवर थाप मारते जाहले, आणि पाटोळ्यांनी ती सोसली. बाईसाहेबांनी विचारले, "बाबा, मग दोर कोणाला द्यायचा?" आम्ही बोललो, "ज्याला इथे सगळ्यांचे संपलेले कळते त्याला. तसा एकही दिसत नाही. तोवर ओढतो."

एवंच हकिकत. लेक रागावली आहे, तिला या दिवाळीत इकडेच बोलावले आहे. तिन्ही पक्षांचे भांडण चालू आहे, आता चहात साखर किती यावरून. दाराशी जे उशिरा येणारांचे बाक, ते उजागरे साहेबांचे जाहले, आणि गुडघा धरला की आम्हीही त्यांस सरकावयास सांगून तेथेच बसतो. घंटा वेळेवर होत नाही. ज्यांस कळवावयाचे त्यांनी खाटेवर थोडी वाट पाहावी.